पाण्याची गोळी

आमच्या गावात कोणाचं पोट साफ होत नाही आणि कोणाला रात्री सारखं उठावं लागतं, हे पाद्रीबाबांना ठाऊक नसेल, पण सेलाला ठाऊक असतं. सेला बंदरावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण. न्यूझीलंडमध्ये शिकली, तिथंच मोठ्या दुकानात नोकरीला लागली, आणि आमचं सगळं वावाऊ बेट तिकडं जायला धडपडत असताना ही बाई उलटी परत आली. ज्यांच्या मागं गोळ्या जन्माच्या लागल्या आहेत, साखरवाले, रक्तदाबवाले, हृदयवाले, त्यांना ती नुसती पुडी देऊन वाटेला लावत नाही. महिन्यातून एकदा मागच्या खोलीत चटईवर बसवते आणि खोदून खोदून विचारते. गोळी घेतल्यावर काय होतं? चक्कर येते का? लघवीला किती जावं लागतं? बायकोजवळ जावंसं वाटतं का? म्हातारी असो नाहीतर गावचा पुढारी, तिच्या तावडीतून सुटका नाही.

सुरुवातीला माणसं लाजून अर्धमेली व्हायची. पण उत्तर दिलं की ती गोळीची वेळ बदलायची, नाहीतर डॉक्टरांना सांगून गोळीच बदलायची, आणि त्रास जायचा. मग तीच माणसं पुढच्या महिन्यात दारातूनच सुरू व्हायची, की सेला, आधी माझ्या पोटाचं ऐक.

एकाच माणसाला ती काही विचारत नसे. तो म्हणजे केलेपी, तिच्या काकांचा मुलगा. आमच्या हिशोबानं चुलतभाऊ असं काही नसतं, भाऊ तो भाऊच. आणि आमच्याकडे बहीण-भाऊ वयात आले की एका छपराखाली झोपत नाहीत, एकमेकांदेखत थट्टामस्करी करत नाहीत, आणि कमरेखालच्या गोष्टीचा तर उच्चारही करत नाहीत. बाप्यांच्या घोळक्यात कोणी चावट बोललं आणि तिथं कोणाची तरी बहीण बसली आहे असं कळलं, तर सहा फुटी गडी मान खाली घालून उठून जातो. बहिणीचा मान मोठा. तिनं काही मागितलं आणि भावानं नाही म्हटलं, असंही आमच्याकडे होत नाही.

तर केलेपी महिन्यातून एकदा यायचा. सेला खोलीचं दार सताड उघडं ठेवायची. तो दाराकडे तोंड करून बसायचा, ती कपाटाकडे. ती म्हणायची, यंदा कंद कसे आले? तो म्हणायचा, बरे आले. ती म्हणायची, "दादा, गोळ्या सगळ्या घेतोस ना?" तो म्हणायचा, "घेतो." झालं. रोजचा एक खण अशी महिन्याची भरलेली डबी उचलायची, रिकामी ठेवायची आणि निघायचं. दुसऱ्या कुणाला तिनं इतक्यावर सोडलं असतं तर मीच म्हटलं असतं की बाई आजारी आहे वाटतं.

तिला हे कळत नव्हतं असं नाही. दवाखान्यातून निवृत्त झालेला हेनेली नावाचा एक पुरुष नर्स आठवड्यातून दोनदा तिच्या मदतीला येतो. पलीकडच्या हाआपाई बेटावरचा माणूस, आमच्यात कोणाचा कोणी नाही. केलेपीला त्याच्यासमोर बसवलं असतं तर प्रश्न मिटला होता. पण माझा भाऊ आणि परक्याच्या हातची गोळी घेणार? सेलाला ते कमीपणाचं वाटलं. शहाणी माणसं जिथं मूर्खपणा करतात ती जागा बहुतेक ही अशीच असते.

आता केलेपीचं दुखणं. हृदय अशक्त झालेलं, रक्तदाब चढलेला, संध्याकाळी पाय सुजून भोपळ्यासारखे. रोज सकाळी घ्यायच्या चार गोळ्या. त्यातली एक पाण्याची, म्हणजे अंगात साचलेलं पाणी लघवीवाटे काढणारी. ती घेतली की तासाभरात पळापळ. बाकी दिवशी काय, मळ्यात झाडं पुष्कळ आहेत. पण केलेपी आमच्या चर्चचा गायनमास्तर. रविवारी तो आमच्या रिवाजाप्रमाणे मानाची म्हणून कमरेला चांगली चटई गुंडाळून, कोट घालून सगळ्यांसमोर उभा राहतो. त्याचा हात वर गेला की साठ माणसं श्वास घेतात आणि हात खाली आला की छपराचे पत्रे थरथरतात. पाद्रीबाबा दोन तास बोलतात ते आम्ही सहन करतो ते केलेपीच्या गाण्यासाठी.

गेल्या ईस्टरला मोठं गाणं ऐन रंगात आलं असताना मास्तरांचा हात हवेत थांबला. तोंड कसनुसं झालं. मग त्यानं हात खाली टाकला आणि कोटाची टोकं धरून तो मधल्या वाटेनं दारापर्यंत जवळजवळ पळत गेला. गाणं वाटेतच आडवं झालं. एक भारदस्त आवाजाचा गडी फिसकन हसला, मग त्याच्या शेजारचा, मग बायकांची बाजू. पहिल्या बाकावर सेला बसली होती. ती तेवढी हसली नाही. भिंतीकडे बघत राहिली.

त्यानंतर केलेपीनं पाण्याची गोळी घेणं सोडलं. आधी फक्त रविवारी. मग गुरुवारी तालीम असते म्हणून गुरुवारी. मग मयतांच्या घरी गायला जावं लागतं, आणि गावात मयतं काय सांगून येतात? म्हणून रोजच. त्यातही गंमत अशी की डबीच्या खणात पांढऱ्या गोळ्या दोन, दिसायला एकसारख्या. पाण्याची कुठली आणि रक्तदाबाची कुठली हे सेलाला विचारायचं तर कारण सांगावं लागणार. म्हणून हा शहाणा दोन्ही पांढऱ्या गोळ्या जास्वंदीच्या कुंपणात टाकायचा आणि उरलेल्या दोन इमानानं गिळायचा.

पाय उतरेनात. रक्तदाब हलेना. सेला डॉक्टर ताउफांना म्हणाली, माझा भाऊ सगळ्या गोळ्या घेतो, तरी उतार नाही. डॉक्टरांनी गोळ्यांचा जोर वाढवला. तरी उतार नाही. पुन्हा वाढवला. जास्वंदीला मात्र सगळं जोरात मिळत होतं.

शेवटी सेलानं केलेपीच्या बायकोला, लेसिएलीला, दुकानात बोलावलं. लेसिएली म्हणजे कामाला वाघीण, तोंडानं फटकळ, आणि आमच्या गायनमंडळातला बायकांचा दुसरा आवाज तिच्याच जोरावर चालतो. नणंदेनं बोलावलंय म्हटल्यावर ती पदार्थ बिदार्थ घेऊन, केसांना तेल लावून गेली. सेला म्हणाली, "वहिनी, दादाच्या गोळ्या आता तुझ्या हातानं दे. माणूस विसरतो. तू समोर उभी राहा, गिळल्याशिवाय हलू नकोस."

लेसिएलीला केवढा आनंद झाला. वन्संनी एवढ्या विश्वासानं काम सोपवलं. दुसऱ्या सकाळपासून ती केलेपीसमोर पाण्याचा पेला घेऊन उभी राहू लागली. गोळ्या तळहातावर, मग जिभेवर, मग "आ कर." लहान पोराला दाखवायला लावावं तसं जीभ वर करून दाखवायला लावायची. केलेपी एकदा तिच्याकडे बघायचा, एकदा कुंपणाकडे, आणि गिळायचा.

वाढवलेल्या जोराच्या सगळ्या गोळ्या आता खरोखरच पोटात जायला लागल्या. त्याच आठवड्यात तालमीच्या वेळी केलेपी खोक्यावर उभा राहून हात वर करतो आहे तोवर त्याचे डोळे फिरले आणि तो मागच्या मागे लाद्यांवर कोसळला. डोक्याला खोक पडली. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब इतका खाली होता की डॉक्टर ताउफांनी यंत्र बिघडलं समजून दुसरं मागवलं.

माणूस वाचला. पण गावाला कारण हवं असतं, आणि कारण समोरच होतं. बहीण एवढी शिकलेली, डॉक्टर एवढे हुशार, मग चूक कोणाची? जी बाई हातानं गोळ्या देत होती तिची. कोणी म्हणालं, दोन दिवसांच्या एकदम दिल्या. कोणी म्हणालं, तिच्या स्वतःच्या गुडघ्याच्या गोळ्या मिसळल्या. बायका झाडाची साल कुटून कापड करायला बसतात तिथं लेसिएली गेली की लाकडी थापटण्यांचा आवाज एकदम कमी व्हायचा. एक म्हातारी तर मायेनं म्हणाली, "होतं गं असं. वाचता न येणाऱ्याला कशाला द्यावीत ती कामं." लेसिएलीला वाचता चांगलं येतं. रविवारी धडा तीच वाचते.

सेलासुद्धा दवाखान्यात केलेपीच्या खाटेपाशी आली. लेसिएलीनं सोबत आणलेली डबी उघडून बघितली, बोटानं खण चाचपले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, खण चुकला नाही ना कधी? मी रागावत नाही." रागावली असती तर परवडलं असतं. लेसिएलीनं मान हलवली खरी, पण तिच्याच मनात संशय शिरला होता. मंगळवारी पाहुणे आले होते, त्या घाईत काही झालं का? आपण नवऱ्याला आपल्या हातानं मारत होतो, या विचारानं तिच्या तोंडाची चव गेली. ती तालमीला जाईना, कापड कुटायला जाईना. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून पाद्रीबाबा आमेन म्हणायच्या आत उठून घरी येऊ लागली. जिच्या जिभेला अख्खं गाव टरकायचं ती बाई दुकानात मीठ मागतानासुद्धा खाली बघून बोलायची.

केलेपी हे सगळं दवाखान्याच्या खाटेवरून बघत-ऐकत होता आणि मूग गिळून बसला होता.

दवाखान्यातून घरी आल्यावर गोळ्या कमी झाल्या होत्या, डबी नवी होती. पहिल्या सकाळी लेसिएलीनं ती डबी हातातसुद्धा घेतली नाही. भाचीला बोलावून तिच्या पुढे सरकवली आणि म्हणाली, आजपासून तू दे, माझ्या हाताला यश नाही. भाची गेल्यावर ती मागच्या अंगणात जमिनीतल्या भट्टीची राख उपसायला बसली. केलेपी भिंतीला धरत धरत तिच्यामागं आला आणि उभ्या उभ्याच त्यानं सांगून टाकलं. ईस्टरपासूनचं सगळं. दोन पांढऱ्या गोळ्या आणि कुंपण.

लेसिएलीच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. मग तिनं विचारलं, "मला का नाही सांगितलंस? मी काय तुझी बहीण आहे?"

"तू हसलीस," केलेपी म्हणाला.

"कधी?"

"ईस्टरला. दारातून वळून बघितलं मी. सगळ्या बायका हसत होत्या. तू पण."

ती खरंच हसली होती. शेजारणीनं कोपरखळी मारली आणि आपसूक हसू आलं, घरी येईपर्यंत विसरूनही गेली. आता ते आठवून तिला राखेत तोंड लपवावंसं वाटलं. पण राग तेवढाच होता. ती म्हणाली, ठीक आहे, हसले, त्याची माफी मागते. पण त्या हसण्यापायी तू मला गावासमोर खुनी ठरवलंस. वन्संनी डबी चाचपली तेव्हा तू तिथंच पडून होतास, डोळे मिटून.

केलेपी म्हणाला, तू सांग सेलाला. बायकोनं सांगितलेलं चालतं.

"मी सांगू? आणि माझं कोण खरं मानेल? म्हणतील, स्वतःची चूक झाकायला नवऱ्याला खोटा पाडते. हे आता तुझ्याच तोंडून यायला हवं, नाहीतर कोणाच्याच नाही."

"बहिणीसमोर मी लघवीचं नाव कसं काढू गं? त्यापेक्षा पडलो होतो तसाच मेलेला बरा."

"मर मग," लेसिएली म्हणाली आणि राख उपसायला लागली. दोन घमेली भरेपर्यंत तो तिथंच उभा होता.

पण मरण खरंच लांब नव्हतं. भाचीसमोर तोंड उघडून दाखवायची सक्ती नव्हती, तेव्हा जास्वंदीचं पुन्हा चालू झालं. पाय परत सुजायला लागले, उताणं झोपलं की दम लागायला लागला. तिकडे डॉक्टर ताउफांनी सेलाला सांगितलं की या माणसाला ह्या गोळ्या सोसत नाहीत असं दिसतं, पाण्याची गोळी बंदच करून टाकू. ती बंद झाली की केलेपी स्वतःच्या अंगातल्या पाण्यात बुडणार, हे सेलाला कळत होतं. न सोसायला झालं काय, हे मात्र तिला कळत नव्हतं.

लेसिएली मग एकटीच बंदरावर गेली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती चटईवर बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "वन्सं, एक मागते. त्यांना तुमच्यासमोर बसवू नका. हेनेलीसमोर बसवा. तुम्ही दुकानातसुद्धा थांबू नका."

सेलाच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. नणंदेला तिच्याच दुकानातून बाहेर जा म्हणणारी भावजय तिनं बघितली नव्हती. काय बोलायचंय त्याला, असं तिनं विचारलं. लेसिएली म्हणाली, ते मी सांगून उपयोग नाही. सेलानं काउंटरवरचं फडकं उचललं, काच पुसली, पुन्हा पुसली. मग म्हणाली की हे मला पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं. उद्या आण त्याला.

दुसऱ्या दिवशी सेलानं खरंच दुकान सोडलं. हेनेलीच्या हाती किल्ली देऊन ती धक्क्याच्या कठड्यावर भर उन्हात जाऊन बसली. बाहेरच्या ओट्यावर औषधाला आलेली पाचसहा माणसं होती, त्यांना नवलच वाटलं. केलेपी आणि लेसिएली मागच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. आत हेनेली, ज्याचं आमच्या कोणाशी नातं नाही, ज्यानं चाळीस वर्षं गावोगावच्या बाप्यांची लघवीची भांडी उचललेली. यापरता मोकळा कान कुठं मिळणार?

हेनेलीनं विचारलं, "हं मास्तर, पडायच्या आधी गोळ्या सगळ्या घेत होता?"

"घेत होतो," केलेपी म्हणाला.

हेनेली पुढे सरकला. त्यानं पुन्हा विचारलं, एखादी राहायची का, आवडत नव्हती म्हणून, त्रास व्हायचा म्हणून? केलेपी चटईची काडी उपसत होता. नाही, म्हणाला, सगळ्या घेत होतो. हेनेली लेसिएलीकडे वळला. बिचारा भला माणूस, अगदी समजुतीनं म्हणाला की मग देतानाच काही झालं असणार, बाई, मनाला लावून घेऊ नका.

लेसिएलीनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान वर केली नाही. खोलीत बहीण नव्हती, दार लावलेलं होतं, हसायला कोणी नव्हतं, तरी शब्द बाहेर येत नव्हता. इतके दिवस ती समजत होती की रिवाजानं त्याचं तोंड बांधलंय. रिवाज तर बाहेर उन्हात बसला होता. हा आपला तसाच. तिला आता स्वतःची नाही, त्याची लाज वाटली, आणि ती जास्त जड होती. ती उठली आणि ओट्यावरच्या माणसांमधून वाट काढत धक्क्यावर गेली.

सेलानं डोळ्यांवर हात धरून विचारलं, "बोलला?"

"तुम्ही नसतानाही तेच बोलला, वन्सं. घेतो म्हणाला."

"आणि खरं काय आहे?"

लेसिएलीनं दुकानाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. सेलानं तिच्याकडे बघितलं. दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या बाबतीत सेलाला हे कोडं चहा गार व्हायच्या आत सुटलं असतं. न उतरणारे पाय, ईस्टरचं अर्धं राहिलेलं गाणं, बायकोनं हातानं भरवल्यावर आलेली भोवळ. सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. फक्त भावाच्या बाबतीत तो विचारच करायचा नाही, असं तिनं स्वतःला शिकवलेलं होतं. आता तिनं तो केला. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

ती उठली. ओट्यावरून सरळ आत गेली आणि मागच्या खोलीचं दार तिनं उघडंच ठेवलं. केलेपी धडपडत उठायला लागला, तिनं हातानं बस म्हटलं. मग कपाटाकडे नाही, दाराकडे नाही, त्याच्या समोर बसली, आणि सगळ्या म्हाताऱ्यांना विचारते त्याच आवाजात तिनं विचारलं.

"दादा, पाण्याची गोळी घेतल्यावर तुला लघवी आवरत नाही. गाताना मध्ये उठावं लागेल म्हणून तू ती टाकून देतोस. हो का?"

ओट्यावरचं बोलणं थांबलं. हेनेली परका, पण त्यानंसुद्धा मान फिरवली. केलेपीनं कमरेची चटई वर ओढून तोंडावर घेतली. बहिणीनं विचारलेलं नाकारता येत नाही, आणि बहिणीनं असलं विचारलेलं ऐकून बसवतही नाही.

"हो," चटईच्या आतून आवाज आला. "ईस्टरपासून. दोन्ही पांढऱ्या."

"वहिनीनं दिल्या तेव्हा पहिल्यांदा घेतल्यास."

"हो. तिनं बरोबर दिल्या. तिची काही चूक नाही."

सेलानं दोन्ही हात मांडीखाली दाबले. ती म्हणाली, "रविवारी सकाळी घेऊ नकोस. चर्च झाल्यावर घे. दुपारी जेवलास की घे. तालमीच्या दिवशी तालीम झाल्यावर. एवढंच आहे. गोळीला चालतं."

एवढंच होतं. केलेपीनं चटई खाली केली नाही, पण त्याचे खांदे हलताना दिसत होते. सेला उठून ओट्यावर आली आणि तिथल्या माणसांना मोठ्यानं म्हणाली, लेसिएलीनं गोळ्या बरोबर दिल्या होत्या, ज्याला शंका असेल त्यानं मला येऊन विचारावं. मग ती पायऱ्या उतरून घरी गेली. जाताना कोणी तिच्याकडे बघितलं नाही. आम्हाला बघवलं नाही. बहिणीनं भावासमोर, चार माणसांदेखत, तो शब्द उच्चारला होता.

रविवारी केलेपी उभा राहिला. चेहरा उतरलेला, डोक्याला पट्टी, पण हात वर गेला आणि आम्ही गायलो. लेसिएली आपल्या जागेवर परत आली होती. दोन बायकांनी तिला सरकून जागा दिली, एकीनं पंखा दिला. कोणी माफी मागितली नाही, गाव कधी मागतं का? पण गाणं चालू असताना तिचं लक्ष पहिल्या बाकाकडे होतं. तिथं सेलाची जागा मोकळी होती, आणि केलेपीचा हात त्या बाजूला वळताना दर वेळी थोडा अडखळत होता.

दुपारी केलेपीनं जेवून गोळ्या घेतल्या, न सांगता तोंड उघडून दाखवलं. लेसिएली म्हणाली, मिट ते. मग अळूच्या पानात नारळाच्या दुधात भाजलेलं मटण टोपलीत घालून ती नणंदेकडे गेली. सेला घरामागच्या पायरीवर बसली होती, रविवारचे कपडे घालून, केस विंचरून. म्हणजे निघायची तयारी झाली होती. निघवलं नव्हतं.

लेसिएलीनं टोपली ठेवली आणि सांगितलं की गोळ्या घेतल्या, सकाळी बूट पायात गेले. सेलानं मान हलवली. लेसिएलीला खूप बोलायचं होतं, पण तिच्यासारख्या फटकळ बाईलाही सुरुवात सापडेना. शेवटी तिनं एवढंच विचारलं की पुढच्या रविवारी याल ना?

"मी समोर बसले तर त्याचा हात उठेल का गं?" सेला म्हणाली. "पलीकडच्या गावच्या चर्चला जाईन. हेनेलीला सांगितलंय, दादाला आता तोच बघेल."

"किती दिवस असं?"

"गोळी जन्माची आहे, वहिनी." सेला टोपलीकडे बघत होती, तिला हात लावत नव्हती. "चर्च झाल्यावर घ्या, हे मी त्या खोलीत किती जणांना सांगितलंय, मोजता येणार नाही. सगळ्यांना. आपल्या माणसाला सांगायला मात्र त्याला आधी पडावं लागलं."